गार्गीच्या वाट्याला आलेला शब्द

सरांनी फळ्यावर इंग्रजी नाउन लिहिली. एकेकानं उठून आपल्या नाउनचं व्हर्ब आणि ॲडव्हर्ब सांगायचं. अडलं, तर तो शब्द पुढच्याला. गार्गीनं आधीच मोजून ठेवलं होतं, आपल्याला 'होप'. सुटले बाई! 'स' म्हणताना तिची जीभ अडखळायची आणि अख्खा वर्ग खिदळायचा.

तिच्या आधीचा पुष्कर 'सक्सेस'ला अडला. "येत नाही, सर."

आता तोच शब्द गार्गीकडे! उत्तर येत होतं, पण तोंडातून निघणार कसं?

"स... स... सक्सीड."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांना कीव आली. "बस गं, पुरे तेवढं."

बसली असती, तर सुटका होती. पण ती उभीच राहिली.

"थांबा ना, स... सर! ॲडव्हर्ब राहिलंय!"