उघड्यावरचा जाळ

सकाळी पंचायतीच्या शिपायानं रसूलच्या मासळीच्या टपरीमागची शेकोटी बादलीभर पाणी ओतून विझवली. रसूलची म्हातारी आई ताजबी तिथंच हात शेकत बसली होती. "उघड्यावर जाळ करायला बंदी हाय, ठराव झालाय," एवढंच शिपाई म्हणाला. ताजबी भिजल्या लुगड्यानंच सरपंच रेश्माच्या दारात जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी उजनीच्या काठावर विजयसिंहआबांच्या तंबूंपुढं पुण्याच्या पाहुण्यांसाठी पुरुषभर उंचीचा कॅम्पफायर पेटला. रेश्मा आबांची सून. बंदीच्या ठरावाची नोटीस घेऊन ती थेट तिथं गेली.

"जाळ इझवा, आबा. ठरावानं बंदी हाय."

पाहुण्यांदेखत आबांचा चेहरा लालबुंद झाला. "घरी जा. भाकरीचं बघ."

"घरी सून हाय. हितं सरपंच."

"सरपंच? तुला सरपंच केली कुणी? आन् माझ्या जाळाला बंदी घालणारा ठराव तरी केला कुणी?"

"तुमीच! रसूलच्या टपरीवर गिऱ्हाईक शेकायला थांबतंय, ते तुटून तुमच्या तंबूंकडं यावं म्हणून. मागल्या महिन्यात कागद माझ्यापुढं टाकलात आन् म्हणालात, वाचत बसू नकोस, सही कर. मीबी गपगुमान केली." रागानं तिचा आवाज चढला होता. स्वतःवरचाही राग त्यात होताच.

"मग आता काय झालं?"

रेश्मानं नोटीस त्यांच्या हातात कोंबली.

"आज वाचला ठराव. त्यात फकस्त रसूलचं नाव घालायचं तुमी इसरलात, आबा. समद्या गावाला लागू हाय त्यो."