काळी पोत

भाग्यश्रीची चप्पल अजून पायातच होती, तेवढ्यात तिला दिसलं. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

“गाठवायला दिलंय,” वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर पुढे ओढून घेतला. “तू आधी पाणी घे. मनमाडहून दमून आलीयेस.”

भाग्यश्रीने पाण्याचा पेला तसाच बाजूला ठेवला. मंगळसूत्र गाठवायला दिलं तर बाई गळ्यात निदान काळी पोत तरी घालते. पित्ताशयाच्या ऑपरेशनला जातानासुद्धा आई काळे मणी काढायला तयार नव्हती, डॉक्टरांशी भांडली होती. तीच आई नवरा आतल्या खोलीत असताना मोकळ्या गळ्याने वावरत होती.

अण्णा पडले, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावरच होते. त्यांचं सगळं आईच करायची. फोनवर म्हणायची, “बरे आहेत. जरा विसरतात, एवढंच. तुझी आठवण काढतात.” पुण्याच्या भावाने, सनीने, दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी अण्णा माणसं ओळखेनासे होतील त्या दिवशी त्यांना तिकडच्या शुश्रूषा केंद्रात हलवायचं. भाग्यश्रीनेही मान डोलावली होती. आई तेवढी गप्प बसली होती.

“सोनार कोण ते सांग. मी जाऊन घेऊन येते.”

“अगं, आठवडाभर दुकान बंद आहे त्याचं.”

मघाशी नुसतं गाठवायला दिलं होतं, आता दुकानही बंद झालं. आई खोटं बोलायला लागली की भांडी आवरायला घेते. आत्ताही तिने धुतलेला कुकर पुन्हा घासायला घेतला. ती नक्की कुणाला तरी पाठीशी घालत होती. स्वभावच तसा. घरच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायांनी दोन जुड्या ओच्यात लपवल्या, तरी ही दुसरीकडे बघणार.

आणि घरात परकं माणूस येत होतं ते एकच. सविता सिस्टर. हरसूलकडची. नर्स पुरवणाऱ्या ऑफिसकडून आठवड्यातून तीनदा स्कूटीवर मखमलाबादला यायची, अण्णांच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करून जायची.

अकराला सिस्टर आली. आल्या आल्या तिची नजर वत्सलाबाईंच्या गळ्याकडे गेली आणि लगेच खाली वळली. चोराच्या मनात चांदणं, भाग्यश्री मनात म्हणाली. तिने सिस्टरला बोळातच अडवलं.

“बॅग उघडा.”

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. बॅग उघडून समोर धरली. कापूस, बँडेज, हातमोजे, स्पिरिटची बाटली, डब्यात नागलीची भाकरी. भाग्यश्रीने तळापर्यंत हात घातला. काही नव्हतं. पण बॅगेत नसलं म्हणून काय झालं, मोडायला एक दिवस पुरतो.

“आईचं मंगळसूत्र कुठंय? सांगा, नाहीतर तुमच्या ऑफिसला फोन लावते. तिथनं पोलिसांत.”

“ताई, नोकरी जाईल हो माझी. दोन पोरी हायेत.”

“मग सांगा.”

“मला ठाऊक हाय कुठंय ते. पण मावशींना शब्द दिलाय. नाय सांगता येणार.”

भाग्यश्रीने नंबर लावला. रिंग जायला लागली. सिस्टरने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत अजून कुकर घासला जात होता.

“आत चला,” ती हळूच म्हणाली. “मी काय बोलणार नाय. तुमच्या डोळ्यांनीच बघा.”

अण्णा जागे होते. दाढी गुळगुळीत केलेली, केसांना तेल लावलेलं. भाग्यश्रीला बघून ते हसले, पाहुण्याला बघून हसतात तसे.

“या, या. तुम्ही मोठ्या सिस्टर का? ऑफिसातून आलात?”

फोनमधून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं. भाग्यश्रीने तो बंद केला.

“बरं झालं आलात. जवळ या जरा.” अण्णांनी दाराकडे बघून खात्री करून घेतली. मग उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. दोन वाट्या, काळे मणी. “माझ्या बायकोचं आहे हे. ती मार्केटला गेलीये भाजी घेऊन, येईलच. ही चहापाण्याच्या कामाला बाई ठेवलीये ना, हिच्या गळ्यात होतं! मी काढून घेतलं. तर दुसऱ्या दिवशी साधी पोत घालून आली. तीही काढायला लावली. दुसऱ्याचं असं घालून मिरवतं का कुणी?”

भाग्यश्रीला सिस्टरकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

“पण तुम्ही तक्रार करू नका हं,” अण्णा म्हणाले. “गरीब दिसते बिचारी. हाक मारली की उठते, कधी कंटाळत नाही. पोट असतं माणसाला. होतो एखाद्याला मोह. बायको आली की मी तिला सांगणार आहे, ही बाई राहू दे म्हणून.”

बोळात पावलं वाजली. अण्णांनी पुरचुंडी झटकन उशीखाली सारली.

वत्सलाबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी आल्या आणि थबकल्या. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं.

मग त्यांनी नजर पलंगाकडे वळवली आणि अदबीने विचारलं, “काका, चहा आणलाय. येऊ का आत?”