थरथरणारा पट्टा

थाळीफेकीत हाताआधी कंबर वळावी लागते. हे शिकवायला आमच्या महिला संघाच्या सरांना तोंड पुरायचं नाही, हात लागायचा. तोही कमरेवर, तोही रेंगाळणारा. "स्पर्शाशिवाय अंगात भिनत नाही," हे त्यांचं पालुपद. संघनिवड त्यांच्याकडे, म्हणून आम्ही मूग गिळून बसायचो. मग क्लबने कमरेला बांधायचे पट्टे आणले. वळण चुकलं की पट्टा थरथरणार, जमलं की गप्प. "यंत्राला काय कळतंय?" सरांनी नाक मुरडलं. आज क्लबच्या अध्यक्षबाई सराव बघायला आल्या. मी गिरकी घेऊन थाळी सोडली. पट्टा थरथरला नाही. थाळी पार शेवटच्या झेंड्यापलीकडे पडली. तरी तो घामट पंजा कमरेवर आलाच. "इथून वळायचं, बाळ." बाळ म्हणे! मी अध्यक्षबाईंदेखत पट्टा सोडून सरांच्या पंजात कोंबला. "सर, हा मी चुकल्याशिवाय अंगाला हात लावत नाही. शिका याच्याकडून."