एगुचीकडे पाठ

"बदली फलंदाज, एगुची!" ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं गेलं आणि कुरामोची जागेवरून उठले.

उठले तर सगळेच होते. ट्रम्पेट वाजू लागले, ढोल घुमला, एगुचीच्या नावाचे टॉवेल डोक्यांवर ताणले गेले. कुरामोची मात्र उठले ते निघण्यासाठी. पिशवी खांद्याला, तोंड जिन्याकडे. त्यांच्या जर्सीच्या पाठीवर एगुचीचाच आकडा होता, अठ्ठावन्न.

"काका, आज तरी दाबून धरा!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

ओरिए हसली नाही. शेजारच्या खुर्चीवरून एप्रिलपासून ती हेच पाहत होती. हेरॉन्स या बेसबॉल संघाचा सामना असला की कुरामोची सर्वांत आधी हजर. पिचरला शिव्या देण्यात पटाईत. पण एगुची मैदानात उतरला की हे गायब, आणि त्याचं खेळून झालं की परत. आधी तिला वाटलं, वय झालं, लघवीचा त्रास असेल. पण तो नेमका एगुचीच्याच वेळी कसा? मग वाटलं, सिगारेट. तिने हळूच त्यांच्या कपड्यांचा वास घेतला. नुसता साबणाचा होता. पावसाळ्यात एकदा खेळ थांबला, तेव्हा ते मुकाट भिजत बसून राहिले. पाऊस उघडला, एगुची आला, हे उठले. ऑगस्टमध्ये ती संघामागून नागोयाला गेली. कुरामोची तिथेही होते, आणि तिथेही उठलेच.

"पाय आखडतात हो," एवढंच त्यांचं उत्तर. ओरिए औषधांच्या दुकानात काम करायची. दुखणाऱ्या पायांनी माणूस असे भराभर जिने उतरत नाही, हे तिला कळत होतं.

आज मोसमातला शेवटचा सामना. हेरॉन्स कधीच तळाशी गेले होते. दुपारी एवढी गर्दी लोटली होती ती एगुचीला निरोप द्यायला. आजनंतर तो बॅट ठेवणार होता. नववा, शेवटचा डाव, धावा बरोबरीत, आपला एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, आणि एकच फलंदाज बाद व्हायचा राहिलेला. समोरच्या संघाला विजेतेपदासाठी हा सामना हवा होता. निरोपाची भेट म्हणून पिचर सोपा चेंडू टाकेल, ही आशा नव्हती.

ओरिएने त्यांची बाही धरली. "कुरामोचीसान, शेवटची वेळ आहे. पुन्हा तो दिसायचा नाही. बसा ना."

"शेवटची आहे म्हणून तर जातोय," ते म्हणाले, आणि बाही सोडवून जिना उतरले.

ओरिएने मैदानाकडे पाहिलं. एगुची बॅटचं टोक जमिनीवर आपटत होता. आत्ता इथून गेलं तर हा क्षण पुन्हा मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने टॉवेल खुर्चीवर टाकला आणि ती कुरामोचींच्या मागे धावली.

प्रेक्षागाराखालच्या बोळात उदोनची, रश्श्यातल्या जाड नूडल्सची टपरी होती. तिच्यापलीकडे, भिंतीकडे तोंड करून कुरामोची उभे होते. शेजारी सत्तरीची एक ठेंगणी बाई, राखाडी कोटातली, पर्स छातीशी धरून. दोघं वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखी दिसत होती.

"आलात ना पाठोपाठ?" कुरामोची न वळताच म्हणाले. "मग तुम्हीही भिंतीकडेच बघा. तीन वर्षांपूर्वी मी इथे उदोन खायला आलो आणि वर त्याने होमरन मारला. पुढच्या वेळी बघत बसलो, तर बाद. परत खाली आलो, परत फटका. तेव्हापासून बघितलं नाही."

"एकदाही नाही?"

"मी बघायचं किंवा त्याने मारायचं. दोन्ही होत नाही."

"आणि या?"

"या माझ्याही आधीपासून इथे उभ्या राहतात. नाव कधी विचारलं नाही."

बाईने भिंतीकडे बघतच मान लववली.

"आपलंच नशीब बघा," कुरामोची तिला म्हणाले. "त्याच्या घरची माणसं आज पुढच्या रांगेत असतील. फुलं घेऊन, मजेत."

 बाईने पर्स आणखी घट्ट धरली.

वर ट्रम्पेट एका सुरात वाजत होते. मग हजारो माणसांनी एकदम उसासा टाकला. एक स्ट्राइक; तीन झाले की बाद. पुन्हा उसासा. दोन. उदोनवाल्या मावशीची पळी पातेल्यावर थांबली. तिने रेडिओला कान लावला.

एक कोरडा आवाज आला. क्षणभर सगळं शांत. मग डोक्यावरचं छत हादरलं आणि मांडून ठेवलेल्या वाडग्यांतल्या रश्श्यावर तरंग उठले.

"दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला!" मावशी पळी उंचावून किंचाळली. "धाव झाली! जिंकलो!"

कुरामोचींनी कपाळ भिंतीला टेकवलं. ते हसत होते आणि गाल ओले होते. "आज टीव्हीवर बघीन," ते म्हणाले. "आता भीती नाही. पण टीव्हीवर आतलं थोडंच दिसतं? चेंडू बॅटला लागला तेव्हा त्याला काय वाटलं असेल हो? एवढं एक कळायला हवं होतं."

राखाडी कोटातल्या बाईने रुमालाने डोळे टिपले, रुमालाची नीट घडी घातली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "संध्याकाळी जेवायला घरी येतोय."