मुखपृष्ठावरची पहिली

“हा शब्द पास होणार नाही,” मिस व्हर्लीन म्हणाल्या आणि त्यांनी जोसलिनच्या लेखातल्या ‘पहिली’ या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

जोसलिन टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. मिस व्हर्लीनना डाव्या कानाने ऐकू येत नसे. न्यूयॉर्कमधल्या त्या संगीत मासिकात छापायचा प्रत्येक मजकूर आधी तळघरातल्या याच टेबलावर यायचा. नावं, तारखा, गावं, सगळं त्या तपासून बघत. सहाव्या मजल्यावरचे भलेभले त्यांना वचकून असत.

“अहो, आपल्या मुखपृष्ठावर येणारी ही पहिलीच काळी रॉक गिटारवादक आहे,” जोसलिन म्हणाली. “ट्रिना बोल्डन. तिचा कार्यक्रम ऐका एकदा, भिंती हलतात.”

“पोरगी वाजवते छान. शब्द चूक आहे.”

“शब्द गेला तर मुखपृष्ठ गेलं, मिस व्हर्लीन! ग्रेगने त्याच अटीवर होकार दिलाय.” ग्रेग म्हणजे संपादक. “नाहीतर तो तिला मागे ढकलणार, ‘सोल’च्या, म्हणजे काळ्यांच्या गाण्यांच्या रकान्यात. तिने आयुष्यात सोलची एक ओळ गायलेली नाही. गाणं ऐकायच्या आधीच हे लोक चामडी बघून रकाना ठरवतात.”

“मला सांगतेस?” मिस व्हर्लीन हसल्या. “पोरी, मी इथे पहिल्यांदा आले ती यांची एक चूक दुरुस्त करा म्हणून भांडायला. चूक काही दुरुस्त झाली नाही. एवढं बारीक बघता तर इथेच बसा म्हणाले, आणि नोकरी दिली.”

त्या उठल्या आणि कपाटातून जुन्या अंकांचं एक बाड घेऊन आल्या. एकोणीसशे एकोणनव्वद. मुखपृष्ठावर गिटार घेतलेली काळी मुलगी, आणि खाली ठळक अक्षरांत तोच शब्द : पहिली.

जोसलिनचा चेहरा पडला. “म्हणजे ट्रिना दुसरी.”

“घाई नको.” त्यांनी दुसरं बाड पुढे सरकवलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. केसांचा भला मोठा टोप, अर्धा चेहरा काळ्या चष्म्याआड, हातात गिटार. खाली पुन्हा पहिली.

“कोण ही?”

“वाच की. लिहिलंय ना.”

‘लेडी टॉर्नेडो’ एवढंच लिहिलं होतं. जोसलिनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ संतापाचं. दर पंधरावीस वर्षांनी एक ‘पहिली’ शोधायची, मिरवायची आणि लगेच विसरायची! तिने दोन्ही बाडं काखोटीला मारली आणि थेट ग्रेगच्या टेबलावर आदळली.

ग्रेगने पानं उलटली. “ठीक आहे. शब्द काढ, ट्रिनाला सोलमध्ये टाक. ओहायोच्या त्या चार पोरांच्या बँडचा फोटो मुखपृष्ठासाठी तयारच आहे.”

“नाही. मी लेखच बदलते. ‘पहिली’ हा एकच शब्द आपण दोनदा छापला, तिसऱ्यांदा छापायला निघालो होतो. हेच छापू. ट्रिना आणि ही लेडी टॉर्नेडो, दोघी शेजारी शेजारी, मुखपृष्ठावर.”

“स्वतःचंच मुस्काट फोडून घ्यायचं, तेही मुखपृष्ठावर?”

“हो. आणि अंक खपेल.”

ग्रेगने चौऱ्याहत्तरचा फोटो पुन्हा जवळ ओढला. खपाचं त्याला पटलं असावं. “पाच वाजता अंक छापखान्यात जातो. त्याआधी ही बाई माझ्यासमोर उभी कर. ती बोलली तर मुखपृष्ठ तुमचं. नाहीतर ओहायो.”

जोसलिन कामाला लागली. जुन्या रेकॉर्ड कंपन्या, वादकांची संघटना, जिथे जिथे फोन लावता येईल तिथे लावला. कोणालाच काही माहीत नव्हतं. शेवटी साडेचार वाजता तिला आपल्याच मासिकाचा एक्क्याऐंशीचा अंक सापडला. आत कोपऱ्यात चार ओळी होत्या.

ती तळघरात उतरली तेव्हा तिचा आवाज बसला होता. अंक तिने मिस व्हर्लीनच्या पुढ्यात ठेवला.

“संपलं. ती केव्हाच गेली. ओकलंडच्या कुठल्याशा हॉटेलात, नशा करून. एवढं वाजवणारी बाई, आणि यांनी चार ओळींत गुंडाळली. जिवंत असती तर आज ट्रिना वाचली असती हो.”

मिस व्हर्लीननी चष्मा सारखा केला. चार ओळी सावकाश वाचल्या. मग लाल पेन्सिल उचलली आणि ‘निधन’ या शब्दावर आडवी रेघ मारली.

“ओकलंडला मी जन्मात गेलेली नाही,” सहाव्या मजल्यावर जायला कोट अंगात चढवत त्या म्हणाल्या, “आणि नशेचं म्हणशील, तर मला साधी बिअरसुद्धा सोसत नाही.”