ओटीवरचा माणूस

हैबतरावांच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. गडब गावात डॉक्टर असताना मी त्यांची विडी सोडवली होती. महिन्याभराने त्यांनी आपल्या वाडीवरून लिहिलं, ‘दुपारी ओटीवर एक माणूस विडी ओढत बसतो. तोंड माझंच हाय. मलाही विडी देतो. घेऊ की हाकलू?’ मी काय सांगणार? स्वतःच दवाखान्यामागे चोरून सिगारेट ओढत होतो. निवृत्त होऊन पेणला आलो, तेव्हा कुठे सोडली. काल दुपारी वाचत असताना गॅलरीतून धूर आला. तिथल्या खुर्चीत मीच बसलो होतो. ‘घ्या डॉक्टर, लाजता कशाला? आता कोण पेशंट बघतोय?’ त्याने पाकीट पुढे केलं. मी हात पाठीमागे धरले. सिगारेट संपली, तसा तो उठून गेला. मी पोस्टकार्ड लिहिलं, ‘हैबतराव, हाकलू नका, हातही पुढे करू नका. तो माझ्याकडेही येतो.’ आणि टपालपेटीत टाकलं.