आरशाचं कपाट

‘आरशात दिसतो तो मानूस कोन हाय?’

मेसेज वाचून उत्कर्षाने फोटो पुन्हा उघडला. बोईसरच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर तिने सकाळीच कपाट टाकलं होतं. लोखंडी, दणकट, दारावर मोठा आरसा. फोटो काढताना स्वतः आरशात येऊ नये म्हणून ती बाजूला सरकली होती. तिच्या मागे उभा असलेला नवरा प्रदीप मात्र अख्खा आला होता. बनियनवर, कशाला तरी हसत.

‘कपाट घ्यायचंय का?’ तिने विचारलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘बघाया येऊ?’ नाव होतं जमुना.

पालघरच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंतीतलीच कपाटं होती. त्यामुळे आठवडाभर घरात आवराआवर चालली होती. खुर्च्या गेल्या, कूलर गेला, शिलाई मशीनसुद्धा गेलं. लोक घासाघीस करत, डाग दाखवत, उलटसुलट करून बघत. पण घरातल्या माणसाची चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

उत्कर्षा फोन हातात धरून तशीच बसून राहिली. प्रदीपला या जगात कोणी नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले, आपण वसतिगृहात वाढलो, एवढंच त्याने सांगितलं होतं. रजिस्टर लग्नात त्याच्या बाजूने कंपनीतल्या मित्रांनी सह्या केल्या. पुढे कधी विषय निघाला की तो गप्प व्हायचा. अशा माणसाला खोदून विचारू नये म्हणून तीही गप्प बसायची. आणि आता कुणीतरी जमुना त्याचा चेहरा ओळखत होती. उत्कर्षाच्या मनात नको नको ते येऊन गेलं. तिने प्रदीपला काही सांगितलं नाही. मुद्दाम रविवारी, तो घरी असेल तेव्हाच, तिने त्या बाईला बोलावलं.

आली ती विशी-बाविशीची मुलगी. चपला जिन्यातच काढून, ओढणी सावरत आत आली. इथल्याच एका कंपनीत पॅकिंगला होती. घर वाणगावच्या पलीकडे, डोंगराकडच्या पाड्यावर. कपाट समोर होतं, पण तिने त्याला हातही लावला नाही. ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

“साहेब नाय घरात?”

“पुठ्ठ्याची खोकी आणायला गेलेत. का?”

जमुनाने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. “ताई, राग नका मानू. आमचा दादा असाच दिसतो. शिकला, नोकरीला म्हनून सुरतेला गेला, मग त्याचा फोनच लागला नाय. बाबा सुरतेला जाऊन शोधून आला. आता तो नाव पन काढत नाय. आय मात्र नवा भात झाला का दादाचा वाटा बाजूला ठेवते. कुनाला हात लावू देत नाय. उंदीर खातात तो.”

उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला. तिच्या मनात होतं तसलं काही नव्हतं. “अगं, पण आमचे हे तर...” ती म्हणाली आणि थांबली. मुलीचं कपाळ, भुवया, ऐकताना मान किंचित तिरकी करणं. हे सगळं ती रोज बघत होती.

दार उघडलं. प्रदीप खोकी घेऊन आत आला. जमुना उठून उभी राहिली.

“कोण पाहिजे?” त्याने विचारलं. त्याच्या बोलण्यातला ‘ण’ नेहमीच स्वच्छ, ठळक असायचा. तो किती जपून उच्चारलेला असतो, हे उत्कर्षाला आज पहिल्यांदा ऐकू आलं.

“कपाट बघायला आलीय,” ती म्हणाली.

प्रदीपने खोकी खाली ठेवली. मुलीकडे न बघता म्हणाला, “तुमची काहीतरी चूक होतेय. मी तो नाही.”

त्याला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

जमुनाने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग उत्कर्षाकडे, मग मोकळ्या झालेल्या भिंतींकडे. पेला तिने हळूच खाली ठेवला.

“हो, चुकलंच माझं,” ती म्हणाली. “आमचा दादा बारीक होता. ह्यो तो नाय.” जिन्यात जाऊन तिने चपला पायात सरकवल्या. “येते, वहिनी.”

मघापासून ती ताई म्हणत होती.

प्रदीप चिकटपट्टीचं टोक शोधू लागला. ते त्याच्या नखाला लागेना. उत्कर्षाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ती तशीच अनवाणी जिना उतरून खाली गेली.

ती परत आली तेव्हा तो रिकाम्या खोक्यासमोर बसला होता. खोकं अजून उघडंच होतं.

“गेली?” त्याने विचारलं.

“गेली. कपाट तिला दिलं.”

“तिला? ती नेणार कशी?”

“ती नाही नेणार. टेम्पो सांगितलाय. उद्या आपण दोघांनी पोचवायचंय.”

त्याने मान वर केली नाही. “कुठे?”

“पत्ता मी विचारला नाही,” ती म्हणाली. “तो तुला माहीत आहे.”